जुन्या पिकअपवर झोपायची खोली चढवायची तर आधी काट्यावर चला

घरी जुनी पिकअप उभी आहे, मोंढ्याला माल आता भाड्याच्या गाडीनं जातो, मग हिच्यावरच मागं कॅम्परची खोली चढवून माहूर, नळदुर्ग, माळेगावची जत्रा, जमलंच तर कोकण असं घरच्यांना घेऊन फिरावं, असं आजकाल बरेच जण म्हणायलेत. आयडिया झकास आहे. फक्त जो तो पलंग कुठं, शेगडी कुठं, टीव्ही कुठं इथूनच सुरुवात करतो आणि खालच्या गाडीकडं सगळ्यात शेवटी बघतो, तेवढं उलटं करा. खोली कोणताही फॅब्रिकेशनवाला बनवून देईल. पिकअपला मात्र आजवर भरून जायची आणि रिकामं यायची सवय, आता ते ओझं रात्रंदिवस तिच्या पाठीवर राहणार, आणि ते पण उंच.

तर पहिलं काम, हौदा रिकामा करा, टाकी फुल करा, पुढं जितके जण बसणार तितके बसवा आणि मोंढ्यातल्या नाहीतर जिनिंगच्या वजनकाट्यावर गाडी चढवा. दोन पावत्या घ्या, एक पूर्ण गाडीची आणि एक फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून. काटेवाला तोंडाकडं बघत बसंल, बघू द्या. आरसीवर जीव्हीडब्ल्यू म्हणून आकडा असतो, म्हणजे गाडी, माणसं, डिझेल, माल सगळं धरून ठरलेली हद्द. समजा तिथं 2750 आहे आणि काट्यावर 1750 भरली, तर हातात राहिले 1000 किलो. जुनी गाडी असली तर त्यातले 200 मी सरळ सोडून देतो. उरलेल्या 800 मधे खोली, पाणी, बॅटरी, गाद्या, भांडी, किराणा आणि आईची लोणच्याची बरणी, सगळं बसलं पाहिजे.

आणि ते भरायला वेळ लागत नाही. 18 एमएम प्लायचा 8 बाय 4 चा एक शीट 30-35 किलो जातो, आणि सुतार सवयीनं जाडच माल लावतो. पाणी एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणून 200 लिटरचा ड्रम विसरा, 60-70 लिटर बास, वाटेत पाणी मिळतं. घरचा लाल सिलेंडर भरलेला 30 किलोच्या आसपास, त्यात गॅस फक्त 14.2, त्यापेक्षा 5 किलोचा छोटा घ्या. इन्व्हर्टरची 150 एएचची बॅटरी 50 किलोच्या घरात जाते, लिथियमची 100 एएचची 12-13 किलोत येते, महाग आहे पण मी असतो तर प्लायमधे पैसे वाचवून इथं घातले असते. सांगाडा एक इंची चौकोनी पाईपचा, बाहेरून पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा, मधे थर्माकोल नाहीतर पफ (फोमचा थर), आतून 4 एमएम प्लाय, एवढ्यात भागतं. छत पांढरंच ठेवा, मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा 42 च्या वर जातो तेव्हा कळतं कशाला.

आता वजन बसतं कुठं ते बघा. मागच्या एक्सलच्या 60 सेंटिमीटर मागं 200 किलोचं सामान लटकवलं आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर, 3 मीटर असला, तर मागच्या एक्सलवर 200 नाही, 240 किलो येतात, कारण वरचे 40 पुढच्या चाकांवरून उचलले जातात. स्टेअरिंग हलकं लागायला लागतं, माणूस खूष होतो, आणि पावसात घाटातल्या वळणावर पुढचं चाक ऐकतच नाही. म्हणून पाण्याची टाकी, बॅटरी, सिलेंडर असलं जड सगळं ड्रायव्हर केबिनच्या पाठीला आणि तळाला, वरच्या फळीवर फक्त पांघरुणं. खोली तयार झाली की परत काट्यावर जायचं, पुढच्या चाकांचा आकडा रिकाम्या पावतीपेक्षा कमी दिसला तर सामान पुढं सरकवा.

गाडीच्या कामाला लागायच्या आधी खालून प्रेशरनं धुवून घ्या, चिखलाचे पोपडे निघाल्याशिवाय काही दिसत नाही. मग वायर ब्रश आणि टॉर्च घेऊन खाली शिरा आणि मागच्या कमानीचे (पाट्यांच्या स्प्रिंगचे) हँगर चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, जिथं बसलेत तिथं निवांत बघा. केसाएवढी रेघ आणि तिच्यातून तांबडा गंज ओघळलेला दिसला तर तो तडा आहे, आधी चेसिसचं काम करणाऱ्या माणसाला दाखवा, बाकी सगळं नंतर. वेल्डिंग करताना बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढायला लावा, नाहीतर अल्टरनेटर नाहीतर ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) जातो आणि बिल दुप्पट होतं.

कमानवाल्याकडं गेलात की तो म्हणणार, दोन पाटे वाढवून देतो, मग घाला किती घालायचं ते. तसं नसतं हो. पाटा वाढवल्यानं मागची बाजू बसायची थांबते, पण एक्सल, बेरिंग, ब्रेक, चेसिस तेच राहतात आणि आरसीवरचा आकडा पण तोच. आधी आहे ती कमान उतरवून घ्या, तुटका नाहीतर सपाट झालेला पाटा बदला, शॅकलचे (कमानीचं टोक धरणाऱ्या झुलत्या जोडाचे) बुश आणि पिना नव्या टाका, पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट बघा, आणि कमान एक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घ्या, जुने एकदा ताणले गेलेले असतात. एवढं करून पण भरल्यावर मागं बसत असली तर एखादा पाटा, गाडी लेव्हलला येण्यापुरता.

पाटा टाकला तर अजून एक गोष्ट बघायची जी फार कमी जण बघतात. बऱ्याच पिकअपला चेसिस आणि मागच्या एक्सलच्या मधे एका दांडीला जोडलेला व्हॉल्व असतो, एलएसपीव्ही म्हणतात त्याला. माल भरला की मागची बाजू खाली येते, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर जातं. तुम्ही कमान उचलली की त्या व्हॉल्वच्या लेखी गाडी रिकामी, म्हणजे वर पाऊण टन बसलंय आणि मागचा ब्रेक अर्धाच लागायलाय. काही मिस्त्री दांडी तारेनं वर बांधून टाकतात, ते तर अजून वाईट, खोली उतरवून रिकामी चालवताना ओल्यात मागची चाकं लॉक होतात. कमानीचं काम झालं की कंपनीच्या मापाप्रमाणं सेटिंग करून घ्या.

ब्रेकचं बाकीचं सोपं आहे: ऑइल दर दोन वर्षाला बदलायचं, कारण ते हवेतलं पाणी ओढतं आणि घाट उतरताना तापलं की पॅडल स्पंजसारखं दबतं, मागचे लायनर आणि व्हील सिलेंडर उघडून बघायचे, चारी हबचं (चाकाच्या मधल्या भागाचं) ग्रीस नवं. टायरवर चार आकडी कोड असतो, 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा, सहा वर्षाच्या वरचा टायर गोटा झाला नसला तरी काढा, पुढं रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेला) तर नकोच. टायरवरचा लोड इंडेक्स, म्हणजे तो किती वजन पेलतो त्याचा आकडा, बघून घ्या, 108 म्हणजे एका टायरला 1000 किलो. रुंद टायर, लिफ्ट किट, बंपरवरचे दिवे यात पैसे घालणाऱ्यांना माझा नमस्कार.

इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा, धूर भकाभका यायला लागला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे पिस्टनच्या बाजूनं गॅस खाली गळतोय, आधी इंजिनचं काम. नसला तर रेडिएटरकडं वळा, आपल्याकडं खरी परीक्षा तिथं होते. चाळीसगावकडून कन्नडचा घाट भर उन्हात भरल्या गाडीनं चढायचा म्हणजे डॅशबोर्डवरच्या टेंपरेचरच्या काट्याकडंच डोळे. निम्म्या गाड्यांच्या रेडिएटरमधे बोअरचं पाणी घातलेलं असतं, आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की आतल्या नळ्यांना बादलीसारखा पांढरा थर चढतो. रेडिएटर उतरवून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या, होज आणि झाकण नवं, आणि कूलंट निम्मं, डिस्टिल्ड वॉटर निम्मं. जाळीत अडकलेला उसाचा आणि कापसाचा कचरा आतून बाहेरच्या दिशेनं हवा मारून काढायचा. थर्मोस्टॅट काढून टाकतो म्हणणाऱ्या मिस्त्रीचं ऐकू नका, इंजिन थंडच चालतं, डिझेल जास्त पितं आणि काही इंजिनात तर पाणी रेडिएटरला वळसा घालून जातं म्हणून उलट तापतं. क्राऊनचं (मागच्या एक्सलच्या गिअरचं) ऑइल, गिअर ऑइल, प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचे क्रॉस, हे एकदमच उरकून घ्या.

खोली बनवायला द्यायच्या आधी एक दिवस काढा. सिमेंटचं पोतं 50 किलोचं असतं, जितकी खोली होणार तितक्या वजनाची पोती मागवून जिथं बसणार तिथंच रचून बांधा, आणि एखादा घाट चढून-उतरून या. थांबलं की चारी हबच्या जवळ हात न्या, लगेच चिकटवू नका, एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त गरम असला तर बेरिंग नाहीतर ब्रेक धरतोय. पोती उंचीला कमी असतात, खरी खोली यापेक्षा जास्त झुलणार हे धरून चाला.

खोली बसवताना चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला ड्रिल मारू देऊ नका, चेसिसचा जोर तिथंच असतो. हौद्यात रबरी मॅट, चार कोपऱ्याला टर्नबकल (फिरवून आवळायचे हूक), म्हणजे लागंल तेव्हा उतरवता येते. खोलीची बॅटरी गाडीच्या बॅटरीपासून आयसोलेटरनं वेगळी ठेवा, म्हणजे खोलीतल्या वापरानं गाडीची बॅटरी उतरत नाही, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, 300 वॅटचा इन्व्हर्टर 12 व्होल्टवर 25-30 अँपिअर ओढतो, दिव्याची बारीक वायर जळून जाईल. थंडीत कोळशाची शेगडी घेऊन दार लावून झोपू नका, कार्बन मोनॉक्साईडचा वास येत नाही आणि माणूस झोपेतच जातो. वर-खाली दोन झरोके कायमचे उघडे.

कागदाचं पण बोलू. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणं आरसीला लागेल असा बदल मनानं करता येत नाही, आणि 2019 मधे सुप्रीम कोर्टानं पण हेच सांगितलं. कायमची वेल्ड केलेली खोली म्हणजे बॉडी बदलली, म्हणून काढता-घालता येणारीच करा आणि तरी आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्याला आधी विचारून लेखी घ्या, नाहीतर फिटनेसला आणि क्लेमला अडकाल. गाडी चालू असताना मागं कोणी बसायचं-झोपायचं नाही, पोरं कितीही मागं लागली तरी.

पहिल्या दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट, व्हील नट आणि टर्नबकल परत आवळा. आणि एकूण उंची टेपनं मोजून मार्करनं डॅशबोर्डवर लिहून टाका, गल्लीतल्या केबलच्या तारा, पेट्रोल पंपाचं छत, रेल्वेखालचे पूल आणि लिंबाच्या आडव्या फांद्या, हे सगळं आजवर तुमच्या टपाच्या बरंच वर होतं.