बर्फाचं थ्रेशर घेण्याआधी

हे मी दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी, आंगणातल्या खाटेवर बसून लिहितो आहे. घरामागच्या वावरात तुरीचं थ्रेशर सुरू आहे आणि कुटाराचा धुराळा पार चहाच्या कपापर्यंत येतो. जानेवारी असून दुपारी स्वेटर काढावा लागतो. कॅनडात, ऑन्टारिओ प्रांतातल्या बॅरीत माझं घर आहे; तिथल्या शेजाऱ्यानं आज सकाळी आमच्या घराचा फोटो पाठवला, त्यात बर्फावर कुंपणाची वरची पट्टी तेवढी दिसते.

यंदा आमच्या पंचक्रोशीतली तीन कुटुंबं ऑन्टारिओला निघाली आहेत. संध्याकाळी येऊन बसतात. कुकर न्यावा का, तिखट किती न्यावं, पोरांच्या शाळेचं काय, सगळं विचारतात. बर्फाचं कोणी विचारत नाही. मी विषय काढला तर एक जण म्हणाला, "त्यात काय भाऊ, एक फावडं घेऊन टाकू." मीही पहिल्या वर्षी हेच म्हणालो होतो. पण तिथं स्नोब्लोअर लागतो, म्हणजे बर्फ आत ओढून दूर फेकणारं मशीन.

जरा हिशेब करू. दोन गाड्या मावतील असा ड्राइव्ह-वे, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंतची गाडीवाट, साधारण ६ मीटर रुंद आणि १२ मीटर लांब धरा. त्यावर रात्रीतून २० सेंटिमीटर बर्फ पडला तर झाला १४ घनमीटरच्या वर. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला १०० किलो धरला तरी १४ क्विंटल होतात. तोच ओला असेल, म्हणजे पारा शून्याच्या आसपास असताना पडलेला, तर तिप्पट सहज. १४ क्विंटल कापूस ऑफिसला जायच्या आधी, अंधारात, फावड्यानं उचलून बाजूला फेकायचा, असं समजा. त्यात जानेवारी उजाडेपर्यंत दोन्ही बाजूंचे ढीग कंबरेच्या वर गेलेले असतात, म्हणजे फेक आणखी उंच. म्हणून डिसेंबरातला पहिला बर्फ आळस न करता लांब, अगदी हद्दीपर्यंत सरकवून ठेवा. तेव्हा काठावरच टाकलात, तर पुढं टाकायला जागा उरत नाही.

घरी म्हातारं माणूस आलेलं असेल तर त्यांच्या हाती फावडं देऊ नका. ते मागतीलच, कारण बसून खाणं त्यांना जमत नाही. २०१७ साली क्युबेकच्या संशोधकांनी तीसेक वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मोठ्या हिमवर्षावाच्या दुसऱ्या दिवशी पुरुषांना हृदयविकाराचे झटके जास्त येतात असं दिसलं. गारठ्यानं रक्तवाहिन्या आवळतात आणि वरून हे ओझं. चाळिशी उलटलेल्यांनी स्वतःलाही म्हाताऱ्यात धरावं.

मशीन कोणतं घ्यावं हे मशीनवर ठरत नाही, तुमच्या गावावर आणि तुमच्या जमिनीवर ठरतं. टोरोंटोत राहणारा मित्र सांगेल की छोटं पुरतं. त्याला पुरत असेल. टोरोंटोच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर बॅरीत तेच मशीन अर्ध्यातच गुदमरतं. पश्चिमेला जॉर्जियन बे आहे. थंड वारा त्या न गोठलेल्या पाण्यावरून येताना ओल उचलतो आणि ती आमच्या अंगणात बर्फ करून टाकतो. त्यामुळे सल्ला घ्यायचा तो तुमच्याच गल्लीतल्या माणसाचा. तोही मराठी असलाच पाहिजे असं नाही. आपल्या मंडळातल्या माणसाला विचारलंत तर तो त्यानं स्वतः काय घेतलं तेच सर्वात चांगलं म्हणणार. एका गृहस्थांनी दोन गाड्यांच्या ड्राइव्ह-वेसाठी तीन टप्प्यांचं राक्षसी मशीन घेतलं. गावात बुलेट घेऊन पानठेल्यापर्यंत जातात ना, तसं. आता गॅरेजमध्ये मशीन राहतं आणि गाडी बाहेर बर्फात.

प्रकार मुळात दोन. एका टप्प्याच्या मशीनमध्ये पुढचा फिरता भाग रबरी पात्यांचा असतो. तो जमिनीला घासूनच बर्फ उचलतो आणि तोच फेकतो. हलकं, स्वस्त, डांबरी किंवा सिमेंटच्या ड्राइव्ह-वेवर वीतभर बर्फापर्यंत उत्तम. गिट्टीचा ड्राइव्ह-वे असेल तर याचं नाव काढू नका. ते गिट्टीही तितक्याच आवडीनं उचलतं आणि गोफणीतून सुटल्यासारखी फेकतं. दोन टप्प्यांच्या मशीनमध्ये पुढचा लोखंडी मळसूत्री फाळ बर्फ कुस्करून मध्ये ओढतो आणि त्यामागचा पंखा तो नळकांड्यातून दूर उडवतो. याची चाकं इंजिनावर चालतात. खाली दोन्ही बाजूंना घसरपट्ट्या असतात, त्या खालीवर करून फाळ जमिनीपासून किती उंच ठेवायचा ते ठरवता येतं. गिट्टी असेल तर बोटभर उंच ठेवा, खाली थोडा बर्फ राहिला तर राहू द्या. माझ्या मते बॅरीसारख्या ठिकाणी २४ इंच रुंदीचं, दोन टप्प्यांचं मशीन घ्यावं आणि विषय संपवावा.

त्याचं खरं कारण म्हणजे नगरपालिकेचा प्लाऊ, रस्त्यावरचा बर्फ कडेला लोटणारी गाडी. तुम्ही सहा वाजता उठून ड्राइव्ह-वे लख्ख करता आणि साडेसहाला प्लाऊ रस्ता साफ करत येतो, तुमच्या ड्राइव्ह-वेच्या तोंडाशी बर्फाचा गुडघाभर, दगडासारखा बांध टाकून निघून जातो. तो भुसभुशीत नसतो, मीठ आणि चिखल मिसळून घट्ट झालेला असतो. छोट्या मशीनची तिथं डाळ शिजत नाही. चिडून तो बर्फ परत रस्त्यावर लोटू नका, ऑन्टारिओच्या वाहतूक कायद्यात त्याला बंदी आहे. त्यापेक्षा एक युक्ती करा. रस्त्याकडे तोंड करून उभे राहा आणि ड्राइव्ह-वेच्या तोंडाच्या डाव्या बाजूला, रस्त्याच्या कडेचा बर्फ काढून आठ-दहा फुटांचा खिसा रिकामा ठेवा. तिकडे वाहनं उजव्या बाजूनं चालतात, म्हणून प्लाऊ तुमच्या डावीकडून येतो. त्याचं ओझं आधी त्या खिशात सांडतं, तुमच्या दारात कमी येतं. आपल्या डोक्यात डावीकडून चालायचं बसलेलं, म्हणून पहिल्या वर्षी मी हा खिसा उजवीकडे खणला होता. शेजारी खिडकीतून पाहत होता, बोलला काही नाही. तिकडचे लोक असेच आहेत, चुकताना थांबवत नाहीत. पण आम्ही भारतात असताना त्यानंच दोन वेळा आमचा बांध काढून ठेवला आणि सांगितलंही नाही. तेवढं तुम्हीही करत चला. आपल्यातले काही जण ते घेतात, परत करत नाहीत.

आता माझी महागडी चूक. हे वाचून बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

तिसऱ्या हिवाळ्यात मळसूत्राची एक बाजू फिरायची थांबली. पाहिलं तर शिअर पिन, म्हणजे मळसूत्र शाफ्टला धरून ठेवणारी खीळ, तुटलेली, प्लाऊच्या बांधात लाकडाचा ओंडका होता. जवळ दुसरी पिन नाही, दुकान नऊला उघडणार, आठ वाजता मीटिंग. डब्यात एक चांगला कडक बोल्ट होता, बरोब्बर बसला. मोठा अभिमान वाटला. आपण वऱ्हाडातली माणसं, तारेच्या एका वेढ्यावर बंडी बाजारात नेतो. दोन आठवडे मशीन झकास चाललं. मग एका सकाळी बर्फाखाली गोठलेलं पायपुसणं फाळात गेलं. इंजीन घुसमटलं, आतून कडाकड आवाज आला आणि नळकांड्यातून बर्फ यायचा बंद झाला. बोल्ट शाबूत होता. गिअरबॉक्समधल्या पितळी चाकाचे दाते मात्र गेले. दुरुस्तीचे ६४० डॉलर आणि वर सतरा दिवस फावडं.

त्या रात्री मोठ्या भावाला फोन केला. तो आधी हसला.

"अबे, आपल्या रोटावेटरच्या शाफ्टले शिअर बोल्ट नाही का? दगड लागला का तो तुटते."

"हो, पण तो सारखा तुटतो म्हणून..."

"तो तुटाचसाठीच लावला असते ना बे! बोल्ट तुटला त गिअर वाचते. तू त बोल्टच वाचवला."

बारा वर्षं रोटावेटरच्या मागं चाललेला मी, बारा हजार किलोमीटरवर जाऊन एवढं विसरलो. तर पिन तुटली की पिनच लावायची, आणि तीही त्याच मॉडेलची. सारख्या जाडीचा बोल्ट चालत नाही, त्याची कडकाई वेगळी असते. मशीन घेता त्याच दिवशी सहा पिना जास्तीच्या घ्या, थोड्या डॉलरांत येतात, आणि टेपनं हँडललाच चिकटवून ठेवा. शिवाय दर ऑक्टोबरात पिना काढून मळसूत्राच्या शाफ्टला ग्रीस भरा आणि मळसूत्र हातानं फिरवून पाहा. गंजून ते शाफ्टला चिकटलं तर पिन तुटूनही मळसूत्र सुटत नाही आणि गिअरबॉक्स तसाच मरतो. हे दुकानदार सांगत नाही.

दुसरी गोष्ट हाताची. आमच्या गावात कोपराखाली हात नसलेला एक काका आहे, थ्रेशरमध्ये गेला. असे इतके हात गेले की १९८३ साली देशात धोकादायक यंत्रांसाठी कायदा करावा लागला, त्यात थ्रेशर आहेच. स्नोब्लोअर त्याच्याच वंशातला. क्युबेकच्या आर्थर सिकार्डनं १९२५ साली पहिला बनवला, तो धान्याच्या मळणीयंत्रावरून सुचला असं सांगतात. ओला बर्फ नळकांड्यात अडकतोच अडकतो. तेव्हा हातमोजा घालून हात घालायची इच्छा होते, "बंदच तर आहे." इंजीन बंद असलं तरी अडकलेल्या फाळात ताण साठलेला असतो. अडथळा निघताच पंखा एक झटका मारतो, आणि बोटं जायला तेवढा पुरतो. इंजीन बंद करा, किल्ली काढा, पंखा थांबू द्या आणि मशीनसोबत येणाऱ्या काठीनंच काढा. हँडलचे दोन खटके सोडले की फाळ आणि चाकं थांबावीत अशी रचना आहे. ते खटके दोरीनं बांधून ठेवलेलं मी एका आपल्याच माणसाच्या घरी पाहिलंय. त्याच्याकडे परत जेवायला गेलो नाही. ओला बर्फ चिकटू नये म्हणून नळकांड्याला आतून आधीच खायचं तेल फवारा. आपल्याकडचं सोयाबीनचं चालतं.

वारा कुठून येतो ते पाहून नळकांडं वळवा. हे तुम्हाला सांगायला नको, उफणणी केलेल्याला कळतं.

पेट्रोलबद्दल मात्र सांगायला हवं. गावचं डिझेल इंजीन वर्षभर खोपटात पडून असलं तरी हँडल मारलं की धूर सोडतं, म्हणून आपल्याला वाटतं इंजीन म्हणजे तसंच. इथॉनॉल मिसळलेलं पेट्रोल उन्हाळाभर टाकीत राहिलं की कार्ब्युरेटरमध्ये डिंक धरतं. मग नोव्हेंबरात पहिल्या बर्फाला दोरी ओढून ओढून खांदा जातो, आणि दुरुस्तीवाल्याकडे रांग. एप्रिलमध्ये टाकी रिकामी करून इंजीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. बंद गॅरेजमध्ये ते चालू करू नका, थंडी कितीही असो. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तरी माणूस मरतो.

बॅटरीवरचं मशीन शहरातल्या छोट्या ड्राइव्ह-वेला छान, शेजारीही झोपेतून उठत नाहीत. बॅटरी घरात ठेवा, शून्याखाली चार्ज करू नका.

फावडं तरीही लागतंच, पायऱ्यांसाठी. एक रुंद, ढकलायचं घ्या, आणि एक बिनचाकाच्या ढकलगाडीसारखा स्कूप. उचलायचं शक्य तितकं टाळा. गाडी बर्फावरून न्यायच्या आधी बर्फ काढा, नाहीतर चाकाखालचा बर्फ दगड होतो.

मीठ साधं असेल तर उणे ९-१० च्या खाली फारसं काम करत नाही, तेव्हा कॅल्शियम क्लोराइड किंवा नुसती वाळू. नवीन सिमेंटवर पहिल्या हिवाळ्यात मीठ टाकू नका.

हंगामाचं कंत्राट देणं हाही मार्ग आहे. त्यात लाज नाही, पण सप्टेंबरात ठरवा आणि किती बर्फ पडल्यावर येणार हे लिहून घ्या. भाड्यानं असाल तर बर्फ कोणी काढायचा हे मालकाकडून सही करण्याआधीच लिहून घ्या. मशीन घ्यायचं असेल तर उन्हाळ्यात, आणि जुनं घेणार असाल तर थंड इंजीन तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. तुम्ही पोचण्याआधीच तापवून ठेवलं असेल तर उलटपावली निघा. पिनांच्या जागी काय बसवलंय तेही वाकून पाहा, तिथं माझ्यासारखा कडक बोल्ट दिसला तर गिअरबॉक्सची किंमत त्यातून वजा करा.

मी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात परत जातोय. बॅरीच्या आसपास घर घेणार असाल तर मशीन विकत घेण्याआधी माझं एकदा चालवून पाहा. शनिवारी या, आणि येताना इथून अर्धा किलो तिळाची चटणी आणा.