वाणिज्य संघटन व व्यवस्थापन: अकरावी-बारावीत हा विषय कसा अभ्यासावा

वाणिज्य शाखेत प्रवेश घेतलेले बहुतेक विद्यार्थी पहिल्या महिन्यापासून पुस्तपालन व लेखाकर्म या विषयाला वेळ देतात, शिकवणी लावतात, आणि वाणिज्य संघटन व व्यवस्थापन, म्हणजे ज्याला सगळे ‘ओसी’ म्हणतात तो विषय, शेवटच्या महिन्यात पाठ करायचा म्हणून बाजूला ठेवतात. बारावीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत या सवयीची किंमत मोजावी लागते. पाठ केलेल्या व्याख्या संज्ञांच्या प्रश्नांत उपयोगी पडतात. परंतु प्रसंगावर आधारित प्रश्न, फरक स्पष्ट करा आणि विधाने सकारण स्पष्ट करा, या तिन्ही ठिकाणी समजून वाचलेलेच कामी येते. म्हणून पाठांतराआधी प्रत्येक प्रकरण एखाद्या प्रत्यक्ष व्यवसायावर लावून पाहावे, आणि त्यासाठी मुंबईसारखे सोयीचे शहर नाही.

सुरुवात अकरावीतील व्यवसाय संघटनांच्या प्रकारांपासून करावी. व्याख्या वाचण्यापूर्वी वहीत पाच प्रश्न लिहावेत: मालक कोण, भांडवल कोणाचे, निर्णय कोण घेतो, तोटा झाला तर तो कोणाच्या अंगावर येतो आणि संस्था कोणत्या कायद्याखाली चालते. नाक्यावरच्या किराणा दुकानाला हे प्रश्न विचारले की एकल व्यापारी संस्थेचे गुणदोष आपोआप हाती येतात, कारण दुकान बुडाले तर मालकाचे घरही धोक्यात येते, हीच अमर्यादित जबाबदारी. भागीदारीसाठी १९३२ चा कायदा, सहकारी संस्थेसाठी महाराष्ट्रात १९६० चा आणि कंपनीसाठी २०१३ चा, एवढे तीन कायदे वर्षांसह लक्षात ठेवावेत.

सहकारी संस्था हे प्रकरण मात्र पुस्तकात वाचण्यापूर्वी इमारतीच्या जिन्याखाली उभे राहून वाचावे. आपल्या किंवा शेजारच्या गृहनिर्माण संस्थेच्या फलकावर वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना लागते. ती सचिवाच्या सहीने निघते, सभेच्या पूर्ण चौदा दिवस आधी निघते, आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, सभा घ्यावी लागत असल्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरात ती जवळजवळ प्रत्येक इमारतीत दिसते. तिच्यात मागील सभेचे इतिवृत्त, हिशेबपत्रके आणि लेखापरीक्षकाची नेमणूक असे विषय क्रमाने असतात, तर तळाशी गणपूर्तीअभावी, म्हणजे पुरेसे सभासद न आल्यामुळे, सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल अशी ओळ असते. एका खोलीच्या सदनिकेचा सभासद असो वा तीन खोल्यांच्या, मत एकच. कंपनीत मात्र भागांच्या (शेअर्सच्या) प्रमाणात मते मिळतात. लोकशाही व्यवस्थापन हा मुद्दा ज्याने असा पाहिला, त्याला त्यावर चार वाक्ये लिहायला मार्गदर्शक पुस्तक उघडावे लागत नाही.

सार्वजनिक क्षेत्राची उदाहरणेही इथेच आहेत: रेल्वे हे थेट सरकारी खात्यामार्फत चालणारे विभागीय संघटन, १९५६ च्या स्वतंत्र कायद्याने स्थापन झालेले आयुर्विमा महामंडळ हे वैधानिक महामंडळ आणि हिंदुस्थान पेट्रोलियम ही शासकीय कंपनी.

बारावीत व्यवस्थापनाची तत्त्वे हे प्रकरण सर्वांत जास्त घोटाळ्याचे ठरते, कारण हेन्री फेयॉल यांची चौदा तत्त्वे एका दमात पाठ केली जातात आणि प्रसंग समोर आला की त्यांतले कोणते लावायचे ते सुचत नाही. दादरच्या एका कापड दुकानाची कल्पना करावी. दोघे भाऊ भागीदार आहेत. दिवाळीच्या गर्दीत थोरला भाऊ विक्रेत्याला गोदामातून माल आणायला पाठवतो, आणि त्याच वेळी धाकटा त्याला काउंटर सोडू नकोस म्हणून बजावतो. गिऱ्हाईक ताटकळते आणि विक्रेता दोघांचीही बोलणी खातो. इथे आदेशातील एकवाक्यतेचे तत्त्व मोडले आहे. उत्तरात आधी तत्त्वाचे नाव लिहावे, मग प्रसंगातील नेमकी घटना दाखवावी आणि शेवटी तिचा परिणाम सांगावा, तेवढे पुरते. अनेक जण येथे दिशेची एकवाक्यता लिहून बसतात. ते तत्त्व समान उद्दिष्टाच्या सर्व कामांना एक प्रमुख व एक योजना असावी असे सांगते, तर आदेशातील एकवाक्यता एका कर्मचाऱ्याला एकच वरिष्ठ असावा एवढेच सांगते. फेयॉल फ्रान्समधील एका खाण कंपनीचे प्रमुख होते, तर शास्त्रीय व्यवस्थापनाचा विचार मांडणारे टेलर यांनी अमेरिकेतील कारखान्यांत कामगारांच्या कामाचा वेळ मोजला; एकाची नजर वरून खाली आणि दुसऱ्याची खालून वर होती, हे ध्यानात ठेवल्यास दोघांचे विचार एकमेकांत मिसळत नाहीत.

फरक लिहिताना प्रथम मुद्द्यांचा रकाना भरावा: अर्थ, उद्देश, सभासदसंख्या, जबाबदारी, कायदा. दोन्ही बाजूंची वाक्ये त्याच मुद्द्यावर असली पाहिजेत. डावीकडे नोंदणी आणि उजवीकडे भांडवल असे लिहिले तर माहिती खरी असूनही गुण मिळत नाहीत.

ग्राहक संरक्षणाच्या प्रकरणासाठी मोठ्या भावंडांच्या जुन्या नोट्स वापरू नयेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. १९८६ च्या कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि जिल्हा मंचाचा जिल्हा आयोग झाला. या आयोगाकडे नेता येणाऱ्या तक्रारीच्या रकमेची मर्यादाही बदलली: आधीच्या कायद्यात ती २० लाख रुपये होती, नव्या कायद्याच्या मूळ कलमात १ कोटी झाली आणि डिसेंबर २०२१ च्या नियमांनी ती ५० लाखांवर आणली. हातातल्या पाठ्यपुस्तकात कोणता आकडा छापला आहे तो पाहून शिक्षकांना विचारावे आणि मगच उत्तर पक्के करावे.

उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, आणि प्रकल्प दुसऱ्याच्या वहीतून उतरवून ते वाया घालवू नयेत. नात्यातले किंवा ओळखीचे एखादे दुकान, खानावळ किंवा छापखाना निवडावा, गर्दी नसलेल्या वेळी मालकांची परवानगी घेऊन जावे, आणि विम्याचा हप्ता कशाकशासाठी भरता, उधारी किती दिवसांची देता, माल कुठे साठवता, असे साधे प्रश्न विचारावेत. मिळालेले उत्तर बँक, विमा, गुदाम आणि वाहतूक यांपैकी ज्या सेवेचे असेल तिच्या मथळ्याखाली त्याच संध्याकाळी लिहून काढावे. नफ्याचे आकडे मात्र विचारू नयेत. ते कोणी सांगत नाही आणि प्रकल्पाला त्यांची गरजही नसते.