शिक्षक दिनाला काय करायचं? नवीन पालकांसाठी पाच वर्षांचा अनुभव

मुलगी पहिलीत गेली तेव्हा उत्साहाच्या भरात पालक-शिक्षक संघात नाव दिलं आणि दोन महिन्यांत शिक्षक दिन माझ्या गळ्यात पडला. आता ती सहावीत आहे, म्हणजे असे पाच निभावलेत, आणि त्यातला पहिला पार फसला होता म्हणून त्याच्यापासूनच सुरू करते.

आम्ही घरटी दोनशे रुपये काढले आणि वर्गाच्या बाईंना भिंतीवरचं घड्याळ दिलं, खाली सोनेरी अक्षरात 'सप्रेम भेट'. बाईंनी हसून घेतलं. दिवाळीनंतर एकदा वह्यांचे गठ्ठे ठेवायला त्यांचं कपाट उघडलं तर आत चार घड्याळं, सहा-सात शाली, पेनस्टँड तर मोजलेच नाहीत. एका घड्याळाची प्लास्टिकची पिशवीसुद्धा काढलेली नव्हती, आणि ते आमचंच होतं. त्याहून वाईट म्हणजे 'पैसे आलेल्यांची नावं' अशी यादी मी रोज ग्रुपवर टाकत होते. एक आई गेटवर गाठून हळूच म्हणाली, ताई, पन्नास आत्ता आणि बाकीचे पगार झाल्यावर दिले तर चालतील का. त्या दिवसापासून वर्गणी बंद. द्यायचंच असेल तर सरळ विचारा वर्गाला काय लागतंय, आमच्या बाई लगेच म्हणाल्या लाल पेनं, कार्डशीट आणि स्टेपलरच्या पिना. पैसे, सोनं वगैरेच्या तर वाटेलाच जाऊ नका, सरकारी शिक्षकांना भेटवस्तू घेण्याबाबत नियम असतात, त्यांची पंचाईत होते.

सगळ्यात चाललं ते पत्र. पण त्यातही गंमत आहे, पहिल्यांदा चाळीस पत्रं आली आणि जवळपास सगळ्यांत 'आमच्या बाई खूप छान शिकवतात', कारण आयांनी बसून सांगितलेली. पुढच्या वर्षी एकच प्रश्न दिला, आधी येत नव्हतं आणि बाईंमुळे यायला लागलं असं काय? मोठ्यांनी हात लावायचा नाही, चुका तशाच ठेवायच्या. एका मुलाने लिहिलं, 'बेरजेत मी हातचा विसराचो बाईनी सांगीतल दशकाच्या डोक्यावर टोपी घाल आता नाय विसरत'. हातचा एक वर छोट्या टोपीत लिहायचा ही बाईंची स्वतःची युक्ती, आम्हा पालकांना माहीतच नव्हती. तो कागद त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, शाई उडत आलीये पण अजून आहे.

पालकांनीही एक पत्र लिहावं, मुख्याध्यापकांच्या नावे, एक प्रत बाईंना. त्यात 'उत्तम शिक्षिका' असलं मोघम नको, तारीख आणि प्रसंग घाला. पुढे कधी पुरस्काराचा प्रस्ताव भरायची वेळ आली तर असे कागद कामाला येतात, तोंडी कौतुक तिथे जोडता येत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे वेळ. शिकवणं सोडून यूडायसची (शाळांची माहिती गोळा करणारी सरकारी ऑनलाइन प्रणाली) माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीच्या याद्या हे सगळं त्यांच्याच डोक्यावर असतं, निवांत जेवायला मिळणं हीच मोठी भेट. आम्ही ठरवलं की मधल्या सुट्टीत मुलं आम्ही सांभाळू आणि सगळ्या शिक्षकांनी एकत्र बसून जेवायचं. पहिल्या वेळी आम्ही तिघी आणि मुलं दीडशे, दहाव्या मिनिटाला एकाचा गुडघा फुटला आणि सर भाताचा हात घेऊन मैदानावर! पुढच्या वर्षी आठ पालक, खेळ आधी ठरलेले, प्रथमोपचाराची पेटी जवळ आणि मुख्याध्यापकांची आधीच लेखी परवानगी. तेव्हा कुठे पाऊण तास मिळाला त्यांना.

मोठी मुलं शिक्षक होऊन तास घेतात तो स्वयंशासन दिन मला आवडतो, पण त्याची तयारीही शिक्षकांकडूनच करून घेतली जाते हे खटकतं. तालीम घरी घ्या ना, धाकट्या भावंडांना समोर बसवून.

आणि खिचडी शिजवणाऱ्या ताई, घंटा देणारे शिपाईकाका यांच्यासाठीही पत्रं ठेवा, आम्ही दोन वर्षं विसरलो होतो.

तारखेचं बघा. राधाकृष्णन यांच्या जन्मदिवशी, 5 सप्टेंबरला, 1962 पासून शिक्षक दिन असतो, पण आपल्याकडे तो बऱ्याचदा गणपतीच्या आसपास येतो आणि निम्मी शाळा गावाला गेलेली असते. जमलं नाही तर 3 जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती, आम्ही गेल्या वर्षी तेच केलं आणि घाई अजिबात झाली नाही. पत्रांचे कागद मात्र आठवडाभर आधी वाटा, आदल्या रात्री वाटले तर परत आयाच लिहितात.