वेल्डिंग शिकताना या चुका टाळा: रॉड चिकटतो, जोड फुसका राहतो, वखराची पास तडकते

रॉड चिकटला की नवशिका आधी करंट वाढवतो. पहिले अर्थिंग, म्हणजे मशीनची क्लॅम्पने लोखंडाला लावायची तार, पाहा. गंजावर किंवा रंगावर लावलेला क्लॅम्प करंट अडवतो, म्हणून जोडाजवळचं लोखंड चकचकीत घासून तिथेच तो घट्ट बसवा. मग व्होल्टेज. ओलिताच्या वेळी मोटारपंप सुरू झाले की ते पडतं, आणि त्यात बारीक वायरचं लांब एक्स्टेंशन असलं तर आर्क (रॉड आणि लोखंडामधली विजेची ज्योत) टिकतच नाही. तांब्याची ४ चौरस मिमी वायर घ्या. तिची गुंडाळी पूर्ण उलगडा, नाहीतर ती तापते.

पावसाळ्यात उघडं राहिलेलं रॉडचं पाकीट ओल धरतं आणि जोडात बारीक छिद्रं पडतात. ६०१३ नंबरचा, म्हणजे रोजच्या कामाचा साधा रॉड सुमारे १०० अंशांवर तासभर वाळवा.

१२ गेजच्या (२.५ मिमी) रॉडला ६० ते ९०, १० गेजच्या (३.१५ मिमी) रॉडला ९० ते १३० अँपिअर लागतात. कमी करंटमध्ये धातू नुसता वर बसतो. असा जोड दिसायला फुगीर असतो, पण पहिल्याच झटक्यात निघतो. जास्त झाला तर कडेला नाली पडते. टोक जोडापासून रॉडच्या जाडीइतकंच वर ठेवा, होल्डर (रॉड धरायची मूठ) चालीच्या दिशेने १० ते २० अंश झुकवा आणि रॉड ओढत न्या. स्लॅग (जोडावर जमलेली कडक खपली) झाडून ब्रश मारल्याशिवाय दुसरा थर देऊ नका.

सगळ्यात जास्त नुकसान वखराच्या पासेचं (जमिनीत चालणाऱ्या लोखंडी पात्याचं) होतं. तिचं पोलाद कडक असतं. साध्या रॉडने जोडून वर पाणी ओतलं की जोडाशेजारीच तडा जातो. त्यासाठी कोरडा ७०१८ नंबरचा (कमी हायड्रोजनचा) रॉड वापरा, डीसी मशीनवर, होल्डर पॉझिटिव्हला लावून. पास आधी २०० अंशांच्या आसपास तापवा, नंतर कोरड्या राखेत पुरून हळूहळू निवू द्या. घाई इथे अजिबात चालत नाही.

डोळ्यांपुढची काळी काच १० किंवा ११ नंबरची, कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. कापूस आणि कुटार (जनावरांचा भुसा) निदान १० मीटर दूर असू द्या. कुटारात ठिणगी धुमसत राहते, म्हणून काम संपल्यावरही तासभर लक्ष ठेवा. जस्ती पाइपाचा धूर घेतला तर थंडी वाजून ताप येतो, तेव्हा जोडाजवळचं जस्त आधी घासून काढा आणि काम मोकळ्या हवेत करा. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करताना बॅटरीच्या तारा काढा. डिझेलचा ड्रम रिकामा दिसला तरी त्याला आर्क लावू नका, आत उरलेल्या वाफेनेही तो फुटतो.