पानगळीतले घाटरस्ते आणि मोटारसायकलींचा गट : या चुका टाळा

शरद ऋतू सुरू झाला की डोंगरातले रस्ते मोटारसायकलस्वारांना खुणावू लागतात. उन्हाचा ताप सरलेला असतो, हवा स्वच्छ असते, झाडी रंग बदलत असते आणि आठ-दहा जणांनी एकामागोमाग वळणे घेत खिंड गाठावी ही कल्पना घरात बसून फारच रम्य वाटते. मात्र हाच ऋतू रस्त्यावर ओली पाने अंथरतो, सावलीतली वळणे दुपारपर्यंत वाळू देत नाही आणि संध्याकाळ अपेक्षेपेक्षा लवकर आणतो. त्यात गटाने होणाऱ्या चुका एकट्याच्या चुकांहून वेगळ्या असतात. एकटा स्वार रस्ता पाहून वेग ठरवतो, तर गटातला स्वार नकळत पुढच्या गाडीचा मागचा दिवा पाहून वेग ठरवू लागतो. पुढे लिहिलेल्या बहुतेक चुकांचे मूळ या एकाच सवयीत आहे, असे अनेक सफरींनंतर माझे मत झाले आहे.

पुढच्याच्या दिव्यामागे धावणे

एका सफरीत मी पाचव्या क्रमांकावर होतो. माझ्या पुढचा स्वार थांबण्यासाठी वळणाबाहेरच्या खडीच्या मोकळ्या पट्ट्यात उतरला आणि मी काहीही विचार न करता त्याच्यामागे खडीत शिरलो. गाडी पडली नाही ती केवळ वेग कमी होता म्हणून. रस्ता कुठे वळतो आहे हे मी शेवटचे कधी पाहिले होते, हे मला त्या वेळी आठवेना.

पुढचा स्वार ज्या वेगाने वळणातून गेला त्याच वेगाने आपणही जाऊ शकू, हा समज किती फसवा आहे ते थोड्या हिशेबाने कळते. 25 मीटर त्रिज्येचे वळण ताशी 40 किलोमीटरने घेताना गाडी सुमारे 27 अंश झुकवावी लागते, तर तेच वळण ताशी 50 किलोमीटरने घ्यायचे झाल्यास हा कोन 38 अंशांच्या आसपास जातो. वेग पावपटीने वाढला की टायरला धरून ठेवावा लागणारा आडवा जोर दीडपटीहून अधिक वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असतो. कोरड्या, स्वच्छ डांबरावर चांगला टायर हे पेलतो. ओल्या पानांवर पेलत नाही. शिवाय पुढच्याचे टायर नवे असतील, त्याच्या गाडीवर सामान नसेल किंवा तो वेग त्याच्याही आवाक्याबाहेरचा असेल आणि केवळ नशिबाने तो पार झाला असेल.

यावरचा उपाय नजरेचा आहे. वळणात रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर जिथे एकत्र मिळाल्यासारख्या दिसतात, त्या बिंदूवर लक्ष ठेवावे. तो बिंदू आपल्यापासून दूर सरकत असेल तर वळण उलगडत आहे, आणि तो जागीच थांबला किंवा जवळ येऊ लागला तर वळण आवळत आहे, म्हणून वेग आणखी कमी करायला हवा. ब्रेक वळणाआधी, गाडी सरळ असताना लावून संपवावा, योग्य गिअर आधीच टाकलेला असावा आणि वळणात शिरल्यावर थ्रॉटल (वेग वाढवणारी मूठ) अगदी हलका उघडा ठेवावा. पुढे काय आहे ते दिसत नसलेल्या वळणात लवकर आत कापू नये. बाहेरच्या बाजूने पुढे जाऊन, वळणाचा शेवट दिसू लागल्यावरच गाडी आत वळवावी. आणखी एक गोष्ट अनुभवी मंडळीही विसरतात. गाडी झुकलेली असताना चाके आपल्या बाजूला असली, तरी डोके आणि खांदे मध्यरेषेपलीकडे गेलेले असू शकतात, आणि समोरून येणाऱ्या वाहनाची धडक चाकांना नव्हे तर त्यांनाच बसते.

एवढे करूनही वेग जास्त झाल्याचे वळणात शिरल्यावर लक्षात आले तर बहुतेक जण दोन गोष्टी करतात आणि दोन्ही घातक ठरतात. पहिली म्हणजे कठड्याकडे किंवा दरीकडे एकटक पाहणे. नजर जिथे खिळते तिकडेच गाडी जाते. दुसरी म्हणजे झुकलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक एकदम आवळणे. त्याने गाडी उभी होऊन वळणाबाहेर पळते किंवा पुढचे चाक निसटते. त्याऐवजी मान वळवून वळणाच्या शेवटाकडे पाहावे आणि आतल्या बाजूचे हँडल पुढे ढकलावे. असे केल्याने गाडी आणखी झुकते, आणि कोरड्या रस्त्यावर गाडीची झुकण्याची क्षमता बहुधा स्वाराच्या धैर्याहून जास्तच असते. समोर मोकळी जागा असेल तर गाडी सरळ करून मग पूर्ण ताकदीने ब्रेक लावणे हाही मार्ग आहे. वळणात काम करणारे एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) असले तर मदत होते, पण रस्त्यावर जी पकडच नाही ती कोणतेही यंत्र निर्माण करू शकत नाही.

रांग, अंतर आणि ताणली जाणारी साखळी

सरळ रस्त्यावर गटाने तिरक्या मांडणीत चालणे योग्य आहे. एक स्वार लेनच्या एका बाजूला आणि पुढचा दुसऱ्या बाजूला अशी ही मांडणी असते. तिरक्या रेषेतील शेजाऱ्यापासून किमान 1 सेकंदाचे आणि आपल्याच रेषेतील पुढच्या गाडीपासून किमान 2 सेकंदांचे अंतर ठेवले जाते. चूक होते ती हीच मांडणी वळणातही टिकवण्याचा हट्ट धरल्याने. वळणात प्रत्येकाला पूर्ण लेनची रुंदी लागते, म्हणून घाट सुरू होताच एकेरी रांग करावी. ताशी 60 किलोमीटर वेगाने 2 सेकंदांत गाडी 33 मीटर पुढे जाते. रस्ता ओला किंवा पानांनी भरलेला असेल तर हे अंतर दुप्पट केले तरी ते जास्त वाटू नये.

दुसरी अडचण फारशी कोणी समजावून सांगत नाही. म्होरक्या वळणातून बाहेर पडून वेग वाढवतो तेव्हा पाचवा स्वार अजून वळणात शिरतच असतो. तो बाहेर येईपर्यंत म्होरक्या बराच पुढे गेलेला असतो आणि अंतर भरून काढण्यासाठी पाचव्याला म्होरक्यापेक्षा जास्त वेगाने जावे लागते, सहाव्याला त्याहून जास्त. म्होरक्या अगदी शांतपणे चालवत असूनही शेपटाकडचे लोक जीव मुठीत घेऊन धावतात ते यामुळे. म्हणून म्होरक्याने वळणानंतर वेग हळूहळू वाढवावा, आरशात मागचे दिसेपर्यंत धीर धरावा आणि ओव्हरटेक केल्यावर लगेच वेग उतरवून मागच्यांची जागा अडवू नये.

सर्वांत उपयुक्त नियम मात्र फाट्याचा आहे. जिथे रस्ता बदलतो तिथे प्रत्येकाने आपल्या मागचा स्वार दिसेपर्यंत थांबावे, आणि त्याने आपल्याला पाहिले याची खात्री झाल्यावरच पुढे जावे. हा नियम सर्वांनी पाळला तर कोणीही हरवत नाही, आणि हरवण्याची भीती गेली की पुढच्याला गाठण्याची घाईही जाते. माझ्या मते स्वारांना आपसांत बोलू देणाऱ्या हेल्मेटमधल्या इंटरकॉमपेक्षा हा साधा नियम कितीतरी भरवशाचा आहे. अवघड वळणात कानाशी चाललेल्या गप्पा तर मला धोक्याच्याच वाटतात.

नवख्या स्वाराला 'इतरांचा खोळंबा नको' म्हणून सर्वांत शेवटी ठेवणे ही गटबांधणीतली सर्वांत वाईट चूक आहे, कारण साखळीच्या ताणाचा सगळा भार त्याच्यावरच येतो. त्याची जागा म्होरक्याच्या लगेच मागे असावी, म्हणजे गटाचा वेग त्याच्या कुवतीने ठरेल. शेवटी अनुभवी स्वार असावा आणि हत्यारे, पंक्चरचे साहित्य व प्रथमोपचाराची पेटी त्याच्याजवळ असावी. गट पाच ते सात जणांचा चांगला. त्याहून मोठा असेल तर सरळ दोन भाग करावेत. ओव्हरटेकचा निर्णय प्रत्येकाने स्वतः घ्यावा. पुढच्याने हात हलवून बोलावले म्हणून समोरचा रस्ता मोकळा असतो असे नाही.

ऋतूला गृहीत धरणे

ओली पाने घसरतात हे सर्वांना ठाऊक असते, परंतु वरून कोरड्या दिसणाऱ्या पानांच्या थराखाली ओल टिकून राहते हे ध्यानात येत नाही. खड्डा, रेव किंवा रस्त्याची तुटलेली कडाही त्याच थराखाली दडते. पाने टाळता येत नसतील तर गाडी शक्य तितकी उभी ठेवावी आणि त्यांच्यावर असताना ब्रेक, थ्रॉटल व हँडल यांपैकी कशालाही झटका देऊ नये. सुगीच्या दिवसांत शेतातून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखलही असाच अचानक समोर येतो.

उंचीबरोबर तापमान दर 1000 मीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. पायथ्याशी 12 अंश असतील तर 1500 मीटर वर ते 2 अंशांच्या आसपास असणार, आणि पहाटे सावलीतल्या वळणांवर व पुलांवर गोठलेल्या दवाचा पातळ थर असू शकतो. पुलाला खालूनही वारा लागतो, म्हणून तो लगतच्या रस्त्याआधी गोठतो. वाऱ्याने जाणवणारी थंडी वेगळीच: 5 अंश तापमानात ताशी 80 किलोमीटरने जाताना उघड्या त्वचेला ती उणे 3 अंशांसारखी भासते. बधिर झालेली बोटे ब्रेक उशिरा लावतात, आणि थंडीने कुडकुडणारा स्वार ते मान्य करायला सहसा तयार नसतो. म्हणून म्होरक्याने तास-सव्वा तासाने थांबावे, कोणी मागणी करो अथवा न करो.

टायरमधील हवेचा दाबही या ऋतूत फसवतो. तापमान 5-6 अंशांनी उतरले की दाब सुमारे 1 पीएसआयने घटतो, त्यामुळे उन्हाळ्याच्या अखेरीस भरलेली हवा आता पुरेशी राहत नाही. दाब सकाळी, टायर थंड असतानाच मोजावा. चालवून तापलेल्या टायरचा दाब वाढलेला पाहून हवा सोडणे ही नेहमीची चूक आहे.

दिवसाचा सूर्यही क्षितिजालगत राहतो आणि थेट डोळ्यांवर येतो. आपली लांब सावली आपल्या पुढे पडत असेल तर आपल्याला सर्व काही स्वच्छ दिसते, परंतु समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत त्याच वेळी सूर्य असतो आणि त्याला आपण दिसत नसतो. अशा वेळी तो आपल्या बाजूला येईल असे धरूनच चालवावे.

उतारावर तापलेले ब्रेक

लांब उतारावर मागचा ब्रेक सतत दाबून ठेवणारा स्वार प्रत्येक गटात एक तरी असतो. त्याच्या मागे चालणाऱ्याला जळका वास येतो, त्याला स्वतःला येत नाही. डॉट 4 प्रतीच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, पण हे तेल हवेतील ओल शोषते आणि पुरेसे ओलावल्यावर त्याची किमान मर्यादा 155 अंशांवर येते. तेल उकळले की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि लिव्हर मऊ पडून थेट हँडलपर्यंत येते. ज्या गिअरमध्ये चढ चढलो त्याच किंवा त्याखालच्या गिअरमध्ये उतरावे, इंजिनाला वेग रोखू द्यावा आणि ब्रेक ठाम पण थोडाच वेळ लावून सोडावा. क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये उतरणे म्हणजे हातातला सर्वांत खात्रीचा ब्रेक टाकून देणे होय. लिव्हर मऊ लागलीच तर ती भराभर दाबून-सोडून दाब मिळतो का पाहावे, गिअर एकेक करून खाली आणावेत आणि सुरक्षित जागा मिळताच थांबावे. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, ती वाकू शकते. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते आणि लांबच्या सफरीआधी ते बदलून घेणेच शहाणपणाचे.

सामानाबद्दल थोडक्यात: मागे माणूस व पेट्या असतील तर मागच्या सस्पेन्शनचा ताण आणि टायरचा दाब गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे वाढवावा, अन्यथा पुढचे चाक हलके होते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांवर जातो.

कोणी दिसेनासा झाला किंवा पडला तर

मागचा स्वार आरशात दिसेना तर सर्वांनी एकदम मागे वळू नये. अरुंद घाटात दुसरा अपघात नेमका असाच होतो. वळणापासून दूर, रस्त्याबाहेर थांबावे, पाच-दहा मिनिटे वाट पाहावी आणि मग एकानेच मागे जावे. कोणी पडला असेल तर पहिले काम जखमीकडे धावण्याचे नसून येणाऱ्या वाहनांना सावध करण्याचे असते; दोघांनी दोन्ही दिशांना, वळणाच्या पुरेसे अलीकडे जाऊन उभे राहावे. श्वासाला अडथळा होत नसेल तर जखमीचे हेल्मेट काढू नये आणि त्याला उगाच हलवू नये. मोबाइलला रेंज नसण्याची शक्यता धरून, कोणी कोणत्या दिशेला जाऊन मदत बोलवायची हे आधीच ठरलेले असावे आणि सांगण्यासाठी जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा टिपून घ्यावा. किरकोळ पडलेला स्वार 'मला काही झाले नाही' म्हणत लगेच गाडीवर बसू पाहतो. त्याला निदान अर्धा तास बसवून ठेवावे आणि तोवर लिव्हर, हँडल, चाके व पेट्रोलची गळती तपासून घ्यावी.

निघण्यापूर्वीच्या दहा मिनिटांच्या बैठकीत हे सारे ठरवता येते: हातांच्या खुणा, रांगेचा क्रम, आणि सर्वांत लहान टाकीच्या गाडीनुसार पेट्रोलचे थांबे. परतीची वेळही तेव्हाच ठरवावी. डोंगरकड्यांमागे ऊन पंचांगातील सूर्यास्ताच्या बरेच आधी जाते आणि वळणांच्या रस्त्यावर गटाचा सरासरी वेग थांब्यांसह ताशी 30-35 किलोमीटरच भरतो, हे धरून ती मोजावी. ही वेळ सकाळी सर्वांसमोर मोठ्याने सांगून ठेवावी, कारण दुपारी तीन वाजता खिंड अवघी बारा किलोमीटर उरलेली असताना ती कोणालाच आठवत नाही.