घरात माणूस गेल्यावर बायबल कुठून वाचायला घ्यायचं

घरातलं कोणी प्रभूकडे गेलं की भेटायला येणारे सगळे म्हणतात, देवाची इच्छा होती, रडू नका, ते आता चांगल्या ठिकाणी आहेत, आणि बोलणाऱ्याचं मन चांगलंच असतं हो पण ऐकणाऱ्याच्या आत काहीच पोचत नाही. म्हणून माझं म्हणणं, आशेपासून सुरू करूच नका, तक्रारीपासून करा.

आधी स्तोत्र १३ काढा, बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत, म्हणजे प्रार्थनागीतांच्या पुस्तकात. सहाच वचनं (आकडे घातलेली वाक्यं) आहेत आणि पहिल्या दोनांत दावीद राजा चार वेळा देवाला विचारतो की हे असं कुठवर चालणार, मग डोळ्यांना प्रकाश दे म्हणून मागतो, आणि पार शेवटी दयेवर भरवसा टाकतो. ह्याच क्रमाने वहीत आपलं लिहायचं, राग कसला आहे, काय हवंय, भरवसा कशावर. तिसरं नाही सुचलं तर जागा मोकळी सोडा, जबरदस्तीने भरू नका.

मग योहान ११, म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय. येशूचा मित्र लाजर, त्याला कबरेत ठेवून चार दिवस झालेत आणि त्याची बहीण मार्था येशूला तोंडावर सांगते, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता, दुसरी बहीण मरीया पण येऊन तेच म्हणते, आणि तो दोघींपैकी एकीलाही दटावत नाही. लाजराला आपण मेलेल्यातून उठवणार हे त्याला पक्कं माहीत, तरी वचन ३५ मध्ये तो रडतो. मला देवाची करुणा सगळ्यात जास्त इथेच दिसते, उपाय हातात असूनही आधी तो त्यांच्यासोबत रडला.

विलापगीत पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातलं ‘दया रोज सकाळी नवी होते’ हे तुम्हाला व्हॉट्सॲपवर दहा जणांनी पाठवलं असेल 🙂 पण ते २२-२३ वचन आहे, त्याच्या आधीची वाचा ना. इ.स.पू. ५८६ च्या सुमाराला बॅबिलोनने यरुशलेम उद्ध्वस्त केलं त्यावरचं हे रडगाणं, त्यात अंधार आहे, मोडलेली हाडं आहेत, खड्यांनी तुटलेले दात आहेत, एवढं सगळं बोलून झाल्यावर तो माणूस दयेवर येतो. दया रोजची आहे तर मागणंही रोजचंच ठेवा, वर्षभराचं बळ नको, आज बँकेत जाऊन मृत्यूचा दाखला देण्यापुरतं मागा.

काही दिवस प्रार्थना होतच नाही. तेव्हा स्तोत्र ८८, ते अंधारातच संपतं, शेवटी काही गोड नाही, तेवढंच वाचून बायबल मिटलं तरी चालतं. झोप-जेवण बरेच आठवडे उडालं असेल तर डॉक्टरला दाखवा, पाळकांना किंवा फादरना पण सांगा, त्यात विश्वास कमी पडला असं काही नसतं.

आणि भेटायला जाणाऱ्यांनो, बायबलमधल्या ईयोबाची मुलं गेली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री गप्प बसले तोवर ठीक होतं, तोंड उघडलं आणि घोळ झाला. डबा घेऊन जा, शेजारी बसा, वचन त्यांनी मागितलं तरच वाचा.