पेठेत फिरताना जुनं पुणं कसं ओळखायचं

रविवारी सकाळी ७ च्या आत निघा, नंतर ट्रॅफिकमुळे मान वर करायची सोय नाही. सुरुवात विश्रामबाग वाड्यापासून करा (१८०७ चा, दुसऱ्या बाजीरावाचा), सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव लाकडी खांब एकदा नीट बघून घ्या म्हणजे पुढे गल्लीत तसाच अर्धवट खांब कुठल्यातरी दुकानाच्या बोर्डामागे दिसला की लगेच कळतं. मग खाली बघा, बिल्डिंग नवी पण जोतं घडीव दगडाचं असं बऱ्याच ठिकाणी सापडतं.

माझी आवडती गोष्ट म्हणजे पाडलेल्या वाड्याचा रिकामा प्लॉट, शेजारच्या भिंतीवर एका ओळीत चौकोनी भोकं दिसली तर ती तुळयांची, म्हणजे तिथे मजला होता, आणि कोनाडा दिसला तर कुणीतरी तिथे दिवा लावत असणार. फोटो काढून ठेवाच, महिन्याभरात पत्रे लागतात.

नावंपण वाचा हो. काळा हौद, बदामी हौद ही नावं नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळानं आणलेल्या पाण्याची. गंज पेठेत फुलेवाड्यातला हौद मात्र बघाच, १८६८ मध्ये जोतीरावांनी तो अस्पृश्यांना खुला केला.

आणि कुणाच्या दिंडी दरवाज्यातून आत शिरायचं असेल तर आधी विचारा, दुपारी १ ते ४ तर अजिबात नको.